मानाची फिल्म आधी

आधीच सांगून ठेवतो, मी शास्त्रज्ञ नव्हे. लातूरच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक होतो. मूळचा नायगावचा, म्हणजे नांदेड जिल्ह्यातला. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा तिकडं माणसं लागतायत असं कुणीतरी सांगितलं, आणि मी पिशवी उचलून एस.टी.त बसलो. गावभर पाट्या रंगवणं चाललं होतं. कॉलेजात जुने छापील कागद संपेपर्यंत वापरायचे ठरलेलं, म्हणून माझ्या नेमणुकीच्या कागदावर जिल्हा उस्मानाबाद छापलेला, त्यावर निळ्या शाईची काट आणि वर हातानं लिहिलेलं लातूर. माणूस नांदेडचा, नोकरी लातूरची, कागद उस्मानाबादचा! नोकरीची सुरुवात अशी गोंधळात झाली आणि शेवट त्याहून मोठ्या गोंधळात. मधली तीसेक वर्षं काचेची भांडी धुण्यात गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शेवटचंच सांगतो.

निवृत्तीला काही वर्षं राहिली असताना आमच्या विभागप्रमुख सरांनी पेशी वाढवायची प्रयोगशाळा उभी केली. सर हुशार, पण घाईचे. एके दिवशी म्हणाले, "शेषराव, आता बेडूक बंद. आता कातडीच्या पेशी पाळायच्या."

"पाळायच्या म्हणजे सर, खायला काय घालायचं?" मी विचारलं. सगळे हसले. मी काही थट्टा करत नव्हतो. आणि पुढं कळलं की खरोखरच खायला घालावं लागतं. लालसर रंगाचं पातळ खाद्य असतं, ते दोन दिवसाआड बदलायचं. पेशी एका पेटीत ठेवायच्या आणि पेटीत माणसाच्या अंगाएवढी ऊब राखायची. लाइट गेली की आमचा जीव टांगणीला.

आता काम काय, ते सांगतो. भाजलेल्या जखमेवर लावायला एक पातळ, आरपार दिसणारा पापुद्रा तयार करतात. त्याला आम्ही फिल्म म्हणायचो. त्या फिल्मवर नवी कातडी धरेल का, हा प्रश्न. माणसावर एकदम लावून बघता येत नाही, म्हणून आधी डबीत बघायचं. पंचिंग मशीननं फिल्मच्या गोल टिकल्या पाडायच्या. हाव, ऑफिसातलंच पंचिंग मशीन, फक्त स्पिरिटनं पुसलेलं. त्या टिकल्या स्पिरिटात बुडवायच्या, मग शुद्ध पाण्यानं तीनदा धुवायच्या. खणाखणाची प्लास्टिकची डबी येते, मसाल्याच्या डब्यासारखी, तिच्या एकेका खणात एकेक टिकली ठेवायची आणि वरून पेशींचे थेंब सोडायचे. चार तासांनी हलक्या हातानं धुतलं की ज्या चिकटल्या त्या राहतात, बाकीच्या वाहून जातात. राहिलेल्या मोजायच्या. दुसरी डबी पाच दिवस तशीच ठेवून पेशी वाढल्या का ते बघायचं. त्यासाठी एक पिवळं औषध आहे, जिवंत पेशी ते जांभळं करतात. जांभळं जितकं गडद तितक्या पेशी जास्त.

सूक्ष्मदर्शकातून बघायला मला लई आवडायचं. जागा पसंत नसली की पेशी गोल राहते, बसस्टँडवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या माणसासारखी. कधी उठंल नेम नाही. जागा पसंत पडली की पाय पसरते आणि ऐसपैस होते. ह्यातलं शास्त्र मला येत नव्हतं, पण पेशी खूश आहे का नाही ते मी दारातून सांगू शकायचो. निदान मला तसं वाटायचं.

ह्या प्रयोगशाळेत प्रज्ञा आली. जळकोटची पोर. वडील तालुक्याच्या कचेरीत शिपाई, आई अंगणवाडीत. आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हापासून त्या घराचा एकच नेम होता, पोरांनी शिकायचं. पीएच.डी.पर्यंत पोचलेली ती घरातली पहिलीच. बारीक आवाजात बोलायची, पण एकदा मनात घेतलं की सोडायची नाही.

तिचं म्हणणं असं. रेशमाच्या कोशाला मूळचा एक डिंक असतो. रेशीम काढताना तो उकळून फेकून देतात. तो फेकायच्या ऐवजी साध्या फिल्मवर रंगासारखा त्याचा हात दिला, तर पेशी जास्त चिकटतील. म्हणजे दोन फिल्मा, एक साधी आणि एक डिंकाची. दोन्हींवर सारख्या पेशी टाकायच्या आणि फरक बघायचा. कोश आणून द्यायला हदगावकडचा एक तुतीवाला होता, तुतीच्या पाल्यावर रेशमाचे किडे पाळणारा. आपल्या कोशांचं पुढं काय होतं ते बघायचंच म्हणून एकदा हटून बसला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणाला, "ह्या कुणाच्या कातडीच्या हायत?"

"पुण्याहून मागवल्यात," मी म्हणालो.

"मग पुण्यात कुणी बिनकातडीचा हिंडून राहिला का?"

प्रज्ञा एवढी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. तिला तसं हसताना मी नंतर फार दिवस बघितलं नाही.

पहिल्या वर्षी फरक लख्ख दिसला. साध्या फिल्मवर पेशी गोलच्या गोल, धुतल्या की वाहून जायच्या. डिंकाच्या फिल्मवर पाय पसरून बसलेल्या. प्रज्ञानं मला बोलावून दाखवलं. "काका, बघा की! साध्यावर एक तरी धरलीय का?" मी बघितलं. दोन-चार सोडल्या तर नव्हती. माझ्या ह्या डोळ्यांनी बघितलं, हे नीट लक्षात ठेवा. नांदेडच्या एका परिषदेत तिनं ते आकडे मांडले. टाळ्या पडल्या. मी मागं उभा होतो, आणि माझीच पोर असल्यासारखी माझी मान ताठ झाली होती.

पुढं पाऊसच गेला. लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. नळाची तर आम्ही आठवणच काढायचो. घराघरात पाण्याला क्रम लागला. आमच्या घरी सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, कायदाच केला होता. पहिल्या पाण्यात तांदूळ, त्याच पाण्यात भाजी, मग बारीकसारीक कपडा, मग फरशी, आणि शेवटी कढीपत्त्याच्या झाडाला. पोटात जाणारी वस्तू आधी, बाकी सगळं मागून. पाहुण्याला पहिलं पान वाढतात तसं.

तोच कायदा मी कामावर नेला. आमचं शुद्ध पाणी काढायचं यंत्र एका बाटलीसाठी बादल्या बादल्या पाणी गटारात सोडायचं. ते बंद केलं. आठवड्याला एक कॅन विकतचं शुद्ध पाणी यायचं, त्यात सगळं भागवायचं. मी सरांना म्हणालो, "सर, डिंकाची फिल्म मानाची. ती आधी चोख पाण्यात धुतो. ते पाणी टाकायचं नाही, कुकरमधी शिजवून जंतू मारायचे आणि त्यातच साध्या फिल्मा धुवायच्या." आमच्याकडं भांडी निर्जंतुक करायचा मोठा कुकर होता. जंतू मेले म्हणजे पाणी स्वच्छ झालं, हे माझं गणित. सर म्हणाले, "वा शेषराव!" प्रज्ञा जळकोटहून रोज यायची, तिची गाडी साडेदहाला. तोवर माझं धुणं आटोपलेलं असायचं. तिच्या वहीत एवढंच लिहिलेलं, 'तीन वेळा धुतले.' कोणत्या पाण्यात, ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे हो, धुण्यात सांगण्यासारखं काय असतंय!

कॉलेजात 'पाणी वाचवा' कार्यक्रम झाला. प्राचार्यांनी मला व्यासपीठावर बोलावून शाल दिली, नारळ दिला. "एका सहायकानं आपल्याला धडा घालून दिला," असं म्हणाले. सुमननं नारळाची बर्फी केली.

आणि त्याच सुमारास साध्या फिल्मवर पेशी धरायला लागल्या.

थोड्याथोडक्या नाही, डिंकाच्या फिल्मवर धरायच्या जवळजवळ तेवढ्याच. प्रज्ञानं दोनदा बघितलं, तीनदा बघितलं. मला म्हणाली, "काका, डब्या बदलल्या का हो तुमच्याकडून?"

मला राग आला. "चौतीस वर्षं डब्या लावून राहिलो मी. तू जन्मली नव्हतीस तवापासून."

"तसं न्हाई काका, मला कायीच कळंना म्हणून विचारलं."

कळत कुणालाच नव्हतं. लाइट जाऊन पेटीची ऊब बिघडते म्हणावं, तर दोन्ही फिल्मा त्याच पेटीत. खाद्य बदललं. पेशी नव्या मागवल्या. साध्या फिल्मांचा गठ्ठा नवा आणला. मी तर प्रयोगशाळेतला मनीप्लांटही बाहेर काढला, का ते आज मलाही सांगता येणार नाही. दोन्ही खण सारखेच जांभळे. प्रज्ञानं तेच काम सात वेळा केलं. जेवणाचा डबा न उघडता तसाच घरी न्यायला लागली. पेशी मोजताना ओठ हलायचे आणि मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून मोजायची. मी मात्र रोज सकाळी निगुतीनं धुऊन ठेवत होतो. मानाची आधी, साधी मागून. एक थेंब सांडला नाही.

शेवटी सरांनी तिला बोलावलं. मी तिथंच कपाट आवरत होतो.

"सात वेळा फरक नाही," सर म्हणाले. "मग पहिल्या वर्षीचे आकडे आले कुठून?"

"मोजले होते सर."

"मोजले होते, का पाहिजे होते तसे लिहिले होते? परिषदेत माझं नाव आहे त्याच्यावर."

तिनं वळून माझ्याकडं बघितलं. सरांनीही बघितलं. "शेषराव, तुम्ही होता ना तेव्हा?"

मी होतो. मी बघितलं होतं. पण सात वेळा दुसरंच दिसल्यावर आपण पहिल्यांदा काय बघितलं ह्याची मलाच खात्री राहिली नव्हती. आणि खरं सांगायचं तर सरांपुढं तोंड उघडायची छातीही नव्हती. निवृत्तीला पाच महिने राहिलेले. मी म्हणालो, "मला काय समजतंय सर त्यातलं."

सरांनी सांगितलं, आठ दिवसांत लिहून दे की पहिले निकाल चुकीचे होते, मी ते मागं घेते. नाहीतर ते स्वतः वर कळवतील. लिहून दिलं तर तिचा प्रबंध संपला आणि 'आकडे रचणारी पोर' हे नाव कायमचं चिकटलं. प्रज्ञा वही मिटून जळकोटला निघून गेली. जाताना मला "येते काका" म्हणाली. त्या 'येते'नं मला झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. अंघोळ करून रुमाल घडीतून काढला, तर कडक. पत्र्यासारखा. मी सुमनला म्हणालो, "रुमालाला इस्त्री-कांजी कशाला करत बसलीस? पाण्याचे हे हाल!"

"कांजी कोण करतंय!" ती स्वयंपाकघरातून ओरडली. "तांदळाच्या पाण्यातनं काढलाय त्यो. चांगलं शिजवून घेतलं होतं पाणी, घाण लागू नये म्हणून. बसली असंल आपोआप कांजी."

मी रुमाल हातात धरून उभाच राहिलो. सुमन म्हणाली, "काय झालं? चक्कर आली का?"

काय होणार! तांदळाची कांजी पाण्यात उतरली, पाणी उकळलं तरी ती पाण्यातच राहिली, आणि रुमालाला बसली. कोशाचा डिंकही पाण्यात उतरणाराच. शिजवून जंतू मरतात, डिंक कुठं मरतो! रोज सकाळी मी साध्या फिल्मांना माझ्या हातानं डिंक लावत होतो. साधी फिल्म साधी राहिलीच नव्हती.

सोमवारी सर संध्याकाळपर्यंत बाहेर होते. जमा केलेल्या पाण्याचा थेंब काचेवर वाळवला. बोटाला चिकट लागला. मग दोन साध्या टिकल्या घेतल्या. एक कॅनमधल्या ताज्या पाण्यात धुतली, एक जमा पाण्यात, आणि पेशी टाकल्या. चार तासांनी बघितलं. ताज्या पाण्यातल्या टिकलीवर गोल गोल, धुतल्या तशा गेल्या. दुसरीवर पाय पसरून बसलेल्या. पहिल्या वर्षी बघितलं होतं ते खरंच बघितलं होतं.

आता गोष्ट इथं संपायला पाहिजे होती ना? शहाणा माणूस त्याच दिवशी सरांच्या घरी गेला असता. मी गेलो नाही. मंगळवारी गेलो नाही, बुधवारी नाही. कपाटात ती शाल होती. भर कार्यक्रमात ज्याच्यासाठी सत्कार झाला, त्याच कामानं पोरीचं वाटोळं केलं, हे कोणत्या तोंडानं सांगू? सरांनीही होकार दिला होता, म्हणजे सरांचीही चूक सांगावी लागणार. मनाशी म्हणायचो, अजून चार दिवस आहेत. मग म्हणायचो, अजून तीन आहेत. ह्याची लाज मला आजही वाटते, आणि ती लिहून टाकल्यानं कमी होईल असंही वाटत नाही.

शेवटी सुमननंच विचारलं, "रुमाल बघून तुम्हाला काय झालंय, ते एकदा सांगा तरी." सांगितलं. ती म्हणाली, "आन् तुम्ही इथं बसून राहिलाव?"

आठव्या दिवशी सकाळी मी उदगीरवरून जळकोट गाठलं. प्रज्ञाचे वडील ओट्यावर बसले होते. मला ओळखत नव्हते, पण मान म्हणून खुर्ची आणली, चहा सांगितला. "उदगीर जिल्हा करणार म्हणून राहिलेत," ते म्हणाले. "मग आम्ही लातूरचे राहतोव का उदगीरचे, कायी कळंना बगा." मला माझा तो निळ्या शाईचा कागद आठवला. मी नुसता हाव हाव म्हणत होतो. आत टेबलावर प्रज्ञाचं पाकीट दिसत होतं, पत्ता घातलेलं.

ती बाहेर आली. मी उभं राहूनच सगळं सांगितलं. पाणी, कुकर, डिंक, रुमाल, दोन टिकल्या, सगळं. आणि सोमवारपासून मला ठाऊक होतं, हेही सांगितलं.

ती ओट्याच्या कडेला बसली. मग म्हणाली, "काका, त्या दिवशी तुम्ही सरांपुढं गप्प बसलाव, तवा मला वाटलं, मीच खोटं बघितलं. रोज आठवून बघून राहिले, साध्या फिल्मवर नेमकं काय दिसलं होतं. मला आठवंनाच गेलं."

मला रडू आलं. साठीला आलेला माणूस, परक्याच्या ओट्यावर.

तिच्या वडिलांना पेशी-बिशी काही कळलं नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, "म्हंजी पोरगी खरी होती?"

"हाव. पोरगी खरी होती."

"मंग हितं कशाला सांगता? तितं सांगा की."

त्याच दुपारच्या गाडीनं आम्ही दोघं लातूरला आलो. पाकीट तिच्या पर्समध्येच होतं. सरांपुढं मी पहिल्यापासून सांगितलं, आणि ह्या वेळी कपाट आवरत नाही, समोर उभा राहून सांगितलं. सर आधी चिडले, मग माझ्या त्या दोन टिकल्या मागवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले, मग टाळूवरून हात फिरवत राहिले. प्रज्ञाला म्हणाले, "पत्र देऊ नकोस." तिची माफी मागितली का? नाही. मी म्हणालो, "सर, ती शाल परत करू का?" सर म्हणाले, "राहू द्या. पाणी तर वाचलंच होतं." हा टोमणा होता का समजूत, मला आजवर उमगलेलं नाही.

प्रज्ञानं सगळं नव्यानं केलं. प्रत्येक टिकलीला वेगळं ताजं पाणी, आणि धुणं स्वतःच्या हातानं. मी पुढं झालो तर म्हणायची, "राहू द्या काका, मी करते." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. मी निवृत्त झालो त्या आठवड्यात तिचे आकडे आले, पहिल्या वर्षीसारखेच. ते तिनं मला सांगितलं नाही. फळ्यावर लिहिलेले मी वाचले.

आता आम्ही नांदेडला राहतो. मागच्या उन्हाळ्यात टपालानं एक जाड पुस्तक आलं. प्रज्ञाचा प्रबंध, वेळेपेक्षा पुष्कळ उशिरा झालेला. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. इंग्रजीत सगळं, मला काय वाचता येणार! पण पुढं आभाराचं पान असतं, तेवढं अक्षरं जुळवत वाचलं. आईवडिलांचे आभार, सरांचे आभार, कोश देणाऱ्या हदगावच्या मामांचे आभार. खाली एक ओळ, तिचा अर्थ एवढाच: सुरुवातीच्या फिल्मा शेषराव काकांनी धुतल्या.

मी ती ओळ दहादा वाचली. उपकार मानलेत का चिमटा काढलाय? फोन करून विचारावं म्हणून नंबर लावायचो आणि रिंग जायच्या आत बंद करायचो. शेवटी सुमनला वाचून दाखवली आणि म्हणालो, "ह्याच्यातनं तिला काय म्हणायचंय, सांग बरं."

सुमन तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणायचं काय त्यात? धुतल्याव ना तुम्ही? पोरीनं जे बघितलं तेच लिहिलंय."